शेवटचं ‘न्हाय’ कधी म्हणाले?

माझं काम माणसांना हसायला सांगण्याचं आहे, आणि कोल्हापूर जिल्ह्यात सांगून कोणी हसत नाही. नोकरीवर घेताना ही अडचण मला कोणी सांगितली नव्हती.

मी नर्स आहे. पुरुष नर्सला दवाखान्यात ब्रदर म्हणतात. दवाखान्याबाहेर कंपाउंडर म्हणतात, डॉक्टर म्हणतात, किंवा लग्नाच्या पंगतीत ‘हे दवाखान्यात काहीतरी असतात’ अशी ओळख करून देतात. कोल्हापुरातल्या एका मोठ्या रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात बरीच वर्षं काढल्यावर माझ्याकडे वेगळं काम आलं. जिल्ह्यातल्या लहान दवाखान्यांत जायचं आणि तिथल्या नर्सना मेंदूच्या झटक्याची, म्हणजे स्ट्रोकची, सुरुवातीची लक्षणं ओळखायला शिकवायचं. हा लेख मागणाऱ्या संपादकांची समजूत अशी दिसली की मी रोज कोणाचा तरी जीव वाचवतो. मी रोज एसटीने जातो.

आधी थोडं काम समजावून सांगतो. ज्याला आपण लकवा म्हणतो, वारं गेलं म्हणतो, त्यात मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीत गुठळी अडकते किंवा रक्तवाहिनी फुटते. गुठळी असेल तर ती विरघळवणारं इंजेक्शन आहे. पण ते साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि त्याआधी स्कॅन करून आत रक्तस्राव नाही याची खात्री करावी लागते. नाहीतर तेच इंजेक्शन माणसाला मारील. हे साडेचार तास मोजायचे कुठून? माणूस शेवटचा ठीकठाक दिसला तिथून. दुपारी झोपला आणि लकवा घेऊनच उठला, तर घड्याळ झोपायच्या वेळेपासून धरायचं. हे मी इतक्या वेळा बोललो आहे की घरी कोणी ‘किती वाजले?’ विचारलं तर मुलं म्हणतात, बाबांना विचारू नका, ते ‘कशापासून?’ विचारतील.

आमच्याकडे किती लोक वेळेत येतात याचे आकडे मी ठेवतो. ते इथे देत नाही, कारण ते एका रुग्णालयाचे आहेत आणि त्यावरून जिल्ह्याचं काहीच सिद्ध होत नाही. एवढं सांगतो की ते आकडे बघून मला आनंद होत नाही.

लक्षणं तीन: चेहरा, हात, बोलणं. हसल्यावर तोंडाची एक बाजू ओघळते का, दोन्ही हात वर धरल्यावर एक खाली येतो का, आणि शब्द अडखळतात का. छापील पुस्तकात यासाठी दोन पानं आहेत. ती दोन पानं घेऊन मी पहिल्यांदा जयसिंगपूरला गेलो. रक्तदाब तपासायला आलेल्या एका अडत्यावर प्रात्यक्षिक करायचं ठरवलं.

“काका, जरा हसा.”

“कशाला?”

“तपासणी आहे.”

“तपासून घ्यायला आलोय पावणं, हसायला न्हाय. बिल द्या, मग हसतो की.”

हे बोलताना त्यांचा उजवा गाल वेगळाच दिसत होता आणि शब्द जड येत होते. वर्गातल्या एका हुशार नर्सने ते पाहिलं आणि ती डॉक्टरांना बोलवायला धावली. मीही मनातून खूष झालो. पहिल्याच दिवशी खरा रुग्ण. तेवढ्यात काका उठले, खिडकीशी गेले, गालात धरलेला तंबाखूचा मावा थुंकला आणि परत येऊन दोन्ही बाजूंनी सारखे हसले. तेव्हापासून ‘तोंडात काय आहे?’ हा प्रश्न माझ्या शिकवणीत हसण्याच्या आधी येतो. पुस्तक जिथे लिहिलं गेलं तिथे मावा मिळत नसावा.

शाहूवाडीत एका भात लावणाऱ्या बाईचा डावा हात वर जाईना. नर्सनी माझ्याकडे पाहिलं, मी घड्याळाकडे पाहिलं. बाई म्हणाल्या, “ह्यो हात तीन वरसं झाली वर जात न्हाय. तुमी आज बघताय.” म्हणून ‘हे नवीन आहे का?’ हाही प्रश्न वाढला.

बोलण्यासाठी मी स्वतः एक वाक्य तयार केलं होतं. ‘आज अंगणात कोवळे ऊन पडले आहे.’ यात सगळ्या जातीची अक्षरं येतात असा माझा हिशोब होता. रुग्णाने ते माझ्यामागून म्हणायचं. जिल्ह्यात कोणीही माझ्यामागून काही म्हणत नाही, उत्तर देतात.

“म्हणा, आज अंगणात कोवळे ऊन पडले आहे.”

“पडू दे की.”

किंवा, “न्हाय, ढगाळ हाय.”

नर्स मला विचारायच्या, “ब्रदर, आता काय लिहू? वाक्य म्हटलं नाही, पण बोलणं तर चांगलं आहे.” मी त्यांना सांगायचो, भांडला म्हणजे बोलणं ठीक आहे असं लिहा. हे पुस्तकात बसत नव्हतं, पण बरोबर होतं.

खरी अडचण मात्र रुग्णाच्या सोबत येणाऱ्यांची. आपल्याकडे आजारी माणूस कधी एकटा येत नाही, आणि आला की बोलायचं काम त्याच्याकडे राहत नाही. नाव काय म्हटलं की बायको सांगते. काय होतंय म्हटलं की मेहुणा सांगतो. जेवण जातं का म्हटलं की शेजारी सांगतो. मधे बसलेल्या माणसाची वाचा गेली असली तरी अर्धा तास कोणाला पत्ता लागणार नाही. बरं, सगळ्यांना बाहेर काढावं तर ‘हे कधी झालं?’ हे त्यांनाच ठाऊक. आणि त्याचं उत्तर ठरलेलं: “मघाशी.” मघाशी म्हणजे मगाचा चहा, सकाळची आंघोळ किंवा काल संध्याकाळ यांतलं काहीही असू शकतं. एकदा एकाच खोलीत दोन भावांनी मघाशी म्हटलं आणि दोघांच्या मघाशीत सहा तासांचा फरक निघाला.

गडहिंग्लजच्या वीस खाटांच्या दवाखान्यात मुजावर सिस्टर मुख्य नर्स होत्या. पहिल्याच वर्गात त्यांनी माझं ऊन मोडीत काढलं.

“ब्रदर, ह्ये वाक्य बदला. असलं कोण बोलतं? मी म्हणायला लावते, ‘मुजावर सिस्टर लई गुणी हाईत.’ सरळ म्हटलं तरी कळतं, आणि न्हाय म्हटलं तरी कळतं.”

“आजवर किती जणांनी म्हटलं?”

“एकानंबी न्हाय. सगळ्यांची वाचा उत्तम.”

दुसऱ्या वर्गासाठी मी भाद्रपदात तिथे गेलो. सकाळचे दहा वाजत आले होते. तपासणीच्या खोलीतच वर्ग होता. पाच नर्स, मी, आणि भिंतीवर माझी चित्रं. डॉक्टर वरच्या मजल्यावर रुग्ण बघत होते. तेवढ्यात रिक्षातून एक जोडपं उतरलं. सिस्टर म्हणाल्या, हे मल्लूअण्णा. मार्केट यार्डात मिरचीचे सौदे पुकारतात. ढिगासमोर उभं राहून भाव चढवत न्यायचा आणि शेवटच्या बोलीवर सौदा तोडायचा, म्हणजे पक्का करायचा, हे त्यांचं काम. सोबत त्यांच्या बायको, गौराक्का.

“काय होतंय अण्णांना?” सिस्टरनी विचारलं.

“काय हुईत न्हाय,” अक्का म्हणाल्या. “त्येच तर सांगाय आलोय.”

नर्सना शिकवायला आयता माणूस मिळाला म्हणून मी पुढे झालो. मुलींना म्हटलं, तुम्हीच तपासा. तोंडात काही नव्हतं. चेहरा सरळ. अण्णा हसलेसुद्धा, जे मला खटकायला हवं होतं. दोन्ही हात वर, एकही खाली आला नाही. बोटात सुई टोचून साखर पाहिली, कारण साखर उतरली तरी माणूस लकवा झाल्यासारखा वागतो; ती ठीक होती. रक्तदाब थोडा जास्त.

“अण्णा, चक्कर येतीय काय?”

“व्हय की.”

“डोकं दुखतंय?”

“व्हय की.”

“आता बरं वाटतंय ना?”

“व्हय की.”

आवाज खणखणीत, सूर अगदी बरोबर. एका मुलीने कागदावर लिहिलं: बोलणं स्पष्ट. तिन्ही लक्षणं नाहीत. मी मुलींना सांगू लागलो की प्रत्येक येणारा माणूस स्ट्रोकचा नसतो, हेही ओळखता आलं पाहिजे.

“अवो, पण ह्ये व्हय म्हणाय लागल्यात!” अक्का मोठ्याने म्हणाल्या.

सगळ्या मुली हसल्या. एक म्हणाली, “अक्का, नशीब काढलासा की.”

अक्का हसल्या नाहीत. त्यांच्या हातात एक भरलेली पिशवी होती. म्हणाल्या, “सकाळी म्या इच्यारलं, संकेश्वरला भावाकडं जाऊ काय. न्हाय म्हणालं. हे रोजचंच हाय, ह्या माणसाच्या तोंडात दुसरा शबुद न्हाय. आंगूळ करून आलं, फुडं बसलं. परत इच्यारलं. तर व्हय की. म्या म्हणलं, दोन दीस ऱ्हाऊ? व्हय की. म्हणलं, भावाच्या पोरीला साडी घेऊ? व्हय की. पिशवी भराय घेतली बाई, आनि तशीच रिक्षा बोलवली. लगीन झाल्यापास्नं असं कदी झालं न्हाय.”

खोलीत अजून हसू होतं. मुजावर सिस्टर मात्र स्टूल ओढून अण्णांच्या समोर बसल्या.

“अक्का, तुमी आता एक शब्द बोलू नका. अण्णा, तुमचं नाव महादेव काय?”

“व्हय की.”

“तुमी बेळगावास्नं आलासा?”

“व्हय की.”

“अण्णा, तुमी बाई हायसा?”

“व्हय की,” अण्णा म्हणाले, तितक्याच ठामपणे. मग सिस्टरनी खिशातलं पेन काढून त्यांच्यासमोर धरलं. “ह्ये काय हाय?” अण्णा पेनाकडे बघत राहिले. ओठ हलले. कपाळावर घाम आला. बऱ्याच वेळाने, अगदी हळू, ते म्हणाले, “व्हय... की.”

आता कोणी हसत नव्हतं. बोलणं तयार करणारा मेंदूचा भाग बंद पडला की कधी कधी एखादाच शब्द मागे उरतो. तोंड सरळ, हात सरळ, आणि तो एक शब्द स्वच्छ. काही जणांत शिवी उरते. अण्णांमध्ये नेमका तो शब्द उरला होता, जो आमच्या जिल्ह्यात प्रत्येक प्रश्नाला चालतो.

एका मुलीला डॉक्टरांकडे पिटाळलं. मी अक्कांना विचारलं, “हे कधी झालं?”

“मघाशी.”

मी कपाळाला हात लावणार, तेवढ्यात सिस्टरनी विचारलं, “अक्का, शेवटचं न्हाय कधी म्हणाले?”

माझ्या सगळ्या चित्रांत हा प्रश्न नव्हता. अक्का म्हणाल्या, “दुधाचा टेंपो दारात लावलावता. त्येला म्हणालं, न्हाय, हितं लावायचा न्हाय, काढ. लई बोललं त्येला. त्येच्या मागनं लगीच आंघुळीला गेलं.”

टेंपोवाल्याचा नंबर सिस्टरकडे होता. दवाखान्यातही त्याचंच दूध. त्याने फोनवर सांगितलं, “अण्णा? व्हय, मला धुतला की! साडेआठ. डेअरीला उशीर झाला म्हणून ध्यानात हाय. का ओ?”

साडेआठ. म्हणजे मुदत एकपर्यंत. डॉक्टर तोवर खाली आले होते. त्यांनी दोनच प्रश्न विचारले, अण्णांना पेन पुन्हा दाखवलं, आणि त्या दवाखान्यात स्कॅन नव्हतं म्हणून सरळ आमच्या रुग्णालयात पाठवायचं ठरवलं. मी पुढे फोन केला. वर्ग रद्द झाला, मी रुग्णवाहिकेत बसलो.

गडहिंग्लजहून कोल्हापूरला जाताना वाटेत संकेश्वर लागतं. अक्कांचं माहेर. पिशवी त्यांच्या मांडीवरच होती. गावाची कमान आली तेव्हा त्यांनी खिडकीतून बाहेर बघितलंसुद्धा नाही. त्या अण्णांच्या तोंडाकडे बघत होत्या. निपाणी मागे पडल्यावर पहिल्यांदा बोलल्या. “दादा, जीव वाचंल न्हवं?”

“वाचेल असं वाटतंय.”

“आनि बोलनं? ह्यांच्या आवाजावर घर चालतंय. मार्गशीर्ष लागला की मिरची येतीया यार्डात.”

मी म्हणालो, ते आत्ता सांगता येत नाही. खरं तेच होतं, पण ते ऐकायला त्यांनी विचारलं नव्हतं. अण्णांना काय चाललंय ते कळत असावं. ते माझ्याकडे बघून म्हणाले, “व्हय की,” आणि डोळे मिटून घेतले.

पावणेबाराला आम्ही पोचलो. स्कॅनमध्ये रक्तस्राव नव्हता. इंजेक्शन बाराच्या सुमारास सुरू झालं. हे इंजेक्शन दिलं की माणूस उठून बसतो असं कोणी समजू नये. काही सुधारतात, काही नाहीत, काहींना त्यानेच अपाय होतो. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत अण्णा प्रत्येकाला व्हय की म्हणत होते. आमच्या कँटीनवाल्याने त्यांना दोनदा चहा हवा का विचारलं आणि दोन्ही वेळा आणून ठेवला. त्यांना तोंडाने काही द्यायचं नव्हतं. मी त्याला समजावून सांगितलं, तर म्हणाला, “पेशंट व्हय म्हणतोय, मी काय करू?”

दुसऱ्या दिवशी सकाळी आमचे डॉक्टर फेरीला आले. “अण्णा, आज बरं वाटतंय?”

अण्णांनी बराच वेळ त्यांच्याकडे पाहिलं. कपाळावर आठी आली. मग म्हणाले, “न्हाय.”

अतिदक्षता विभागात माणसाला बरं वाटत नाही म्हटल्यावर चार नर्स आणि एक डॉक्टर इतके खूष झालेले मी दुसऱ्यांदा पाहिले नाहीत. अक्का पदर तोंडाला लावून रडल्या. डॉक्टर म्हणाले, “ताई, आता सुधारणा होईल.” अक्का म्हणाल्या, “व्हय, पर आता संकेश्वर काय हुईत न्हाय.”

तीन महिन्यांनी आम्ही प्रत्येक रुग्णाला एक आकडा देतो. शून्य म्हणजे काहीच दोष नाही. एक म्हणजे थोडा त्रास, पण पूर्वीची सगळी कामं करतो. दोन म्हणजे स्वतःचं स्वतः बघतो, पण पूर्वीची सगळी कामं जमत नाहीत. असं चढत चढत पाच म्हणजे अंथरुणाला खिळलेला, आणि सहा म्हणजे माणूस गेला. आमच्या ऑफिसमधून फोन केला तेव्हा अक्कांनी सांगितलं, “सगळं करत्यात की.” म्हणून एक लिहिला गेला. मला तो एक पटेना. अण्णांचं काम म्हणजे आकडे पुकारणं, आणि रुग्णालयातून घरी जाताना त्यांच्या तोंडात आकडे उलटेसुलटे येत होते. तेवीस म्हणायचं तर बत्तीस. म्हणून पुढच्या वेळी गडहिंग्लजला वर्ग घेऊन झाल्यावर मी मुजावर सिस्टरना घेऊन यार्डात गेलो.

मिरचीचे ढीग लागले होते. नाकाला रुमाल लावूनसुद्धा ठसका बसत होता. एका ढिगाभोवती व्यापारी उभे होते आणि मधे अण्णांचा पुतण्या भाव पुकारत होता. अण्णा त्याच्या शेजारी उभे होते. पुतण्याचा आवाज पातळ, आणि घाई फार. एका बोलीवर व्यापारी गप्प झाले तसा तो सौदा तोडायला निघाला.

“न्हाय,” अण्णा म्हणाले.

व्यापाऱ्यांत चुळबुळ झाली. एकाने बोली वाढवली. पुन्हा गप्प. “न्हाय.” आणखी एकाने वाढवली. मग अण्णांनी सगळ्यांच्या तोंडांकडे एकदा पाहिलं, हात वर केला, आणि पूर्वीच्या आवाजात यार्डभर ऐकू गेलं: “एक वार, दोन वार, तीन वार!” सौदा तुटला. यातला एकही शब्द अडखळला नाही. वर्षानुवर्षं घोटलेलं असं म्हणणं कधी कधी शाबूत राहतं.

दोन ढिगांनंतर अण्णांनी स्वतः भाव पुकारायचा प्रयत्न केला. पहिली बोली बरोबर गेली. दुसरी बोलताना त्यांच्या तोंडून पहिल्यापेक्षा कमी आकडा आला. व्यापारी हसले. ज्याची मिरची होती तो शेतकरी ओरडला, “अण्णा, आमच्या मालाला उतरती कळा व्हय?” अण्णांनी मान खाली घातली, पुतण्याच्या पाठीवर हात ठेवला आणि त्याला पुढे केलं. त्यानंतर मी तिथे होतो तोवर त्यांनी आकडा उच्चारला नाही.

सौदे संपल्यावर अण्णा आणि अक्का आमच्यासाठी चहा घेऊन आले. आम्ही पोत्यांवर बसलो. मी अक्कांना म्हणालो की तुमच्या सांगण्यावरून एक लिहिला होता, पण मी आज येऊन बघितलं, मला तो दोन करावा लागेल.

सिस्टर म्हणाल्या, “कशाला करताय ब्रदर? ते रोज यार्डात येतात, निम्मं काम करतात.”

“निम्मं करतात म्हणूनच.”

“ऑफिसवाले काय म्हणतील?”

“ते आधीच म्हणालेत. आकडेवारी बिघडते.”

अण्णा ऐकत होते. त्यांनी मला खूण करून विचारलं, कसला आकडा? मी म्हणालो, “अण्णा, तुमचा. किती बरे झालात त्याचा. मी दोन धरलाय.”

“दोन?” अण्णांना राग आला. “न्हाय. च... चढवा.”

“अवो, गप बसा!” अक्कांचा चहा सांडला. “चढवू नका दादा. फोनवर सांगत हुते, सहाला माणूस मरतंय म्हणं!”

कमी आकडा म्हणजे जास्त बरा, हे मी अण्णांना नीट समजावून सांगितलं. आयुष्यभर भाव चढवलेल्या माणसाला ते पटवायला मला वर्गापेक्षा जास्त वेळ लागला. मग त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. माझ्याकडे पाहिलं, अक्कांकडे पाहिलं, रिकाम्या होत चाललेल्या यार्डाकडे पाहिलं. माझा हात ओढून घेतला आणि दोनावर सौदा तोडावा तसा त्यावर स्वतःचा हात आपटला.

“एक वार,” ते म्हणाले. “दोन वार. तीन वार.”